मल्टीइफेक्टमधून गिटार थेट मिक्सरला देतो, डिस्टॉर्शन चिरकं वाजतं. कुठला कॅब आयआर घेऊ?

कॅब आयआर म्हणजे गिटारच्या स्पीकर-खोक्याचा (कॅबचा) आवाज उतरवलेली फाइल. सेलेस्टियन व्हिंटेज ३० स्पीकर लावलेल्या ४ बाय १२ (बारा इंची चार स्पीकर) क्लोज्ड बॅक (मागून बंद) कॅबचा, एसएम५७ माइकने घेतलेला आयआर आधी घ्या आणि त्यात माइक स्पीकरच्या मधोमध नको, मधल्या टोपीच्या कडेला असलेली फाइल निवडा, कारण मधोमधचा आवाज सगळ्यात तिखट असतो आणि तुमचं दुखणं तेच आहे. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं गिळून टाकतो, मिक्सरला थेट दिलं की ते गाळणारं कोणी उरत नाही म्हणून चिरकं वाजतं. सोलापुरात गणपती अन् लग्नाच्या ऑर्केस्ट्राला मी मिक्सरवर बसतो, तिथे हेच ऐकू येतं, पोरं शे-दोनशे आयआर उतरवून घेतात आणि ऐन कार्यक्रमात फाइली चाळत बसतात (उगाच!). तीनचार ठेवा, बास.

- तुलना करताना सगळ्यांचा व्हॉल्यूम सारखा करा, नाहीतर जो मोठा वाजतो तोच भारी वाटतो
- लो कट ८० ते १०० हर्ट्झ (त्याखालचं कापा), हाय कट ६ ते ८ किलोहर्ट्झ (त्यावरचं कापा)
- क्लीन (डिस्टॉर्शन नसलेल्या) गाण्यांना ओपन बॅक (मागून उघड्या) २ बाय १२ चा वेगळा आयआर
- निवड हेडफोनवर नको, ज्या बॉक्सवर वाजवणार त्यावरच करा, हॉलमध्ये खालचा आवाज फुगतो

फक्त एक, स्टेजवर खरा गिटार अँप असेल आणि त्यातूनच वाजवणार असाल तर आयआर बंदच ठेवा, कॅबवर कॅब चढला की सगळं घोंगडीखालून आल्यासारखं दबकं वाजतं.