गोळ्या चालू आहेत, तरी लोह का वाढत नाही?

"मॅडम, थायरॉईडची गोळी एक दिवस चुकवत नाही. लोहाच्या गोळ्यांचे दोन कोर्स झाले, डी ची पुडी झाली. तरी जिना चढताना धाप लागते, केस मूठमूठ जातात. माझ्या अंगालाच काही लागत नाही का हो?"

थोड्याफार फरकाने हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो. ठाण्यात नौपाड्यात माझं समुपदेशन केंद्र आहे. इथे येणाऱ्या बऱ्याच जणी 'उदास वाटतं, चिडचिड होते' म्हणून आलेल्या असतात. तासाभराच्या बोलण्यात कळतं की मागे थायरॉईड आहे, त्याच्या सोबतीला फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), बी १२ आणि व्हिटॅमिन डी तळाला गेलेलं आहे, आणि या सगळ्याचं ओझं 'मीच आळशी झालेय' या एका समजुतीत बांधलेलं आहे. मी डॉक्टर नाही, औषधाचा डोस ठरवणं माझं काम नाही. पण औषध हातात असूनही ते लागू का पडत नाही, हे शोधताना माणसाचा दिवस आणि त्याचं मन बघावं लागतं. ते माझं काम आहे आणि ते मी मनापासून करते.

इथे सांगतेय ती सुजाताची गोष्ट. नाव बदललेलं आहे, आणि खरं तर तिच्यात अनेक जणी मिसळल्या आहेत. वय बेचाळीस, राहायला कळव्याला, नोकरी ऐरोलीला, घरी नवरा, दहावीतला मुलगा आणि मधुमेह असलेल्या सासूबाई. फाइल नीट लावलेली. हिमोग्लोबिन १०.२, फेरिटिन ८, बी १२ १६८, व्हिटॅमिन डी १४. टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडला की जो आकडा वाढतो तो, कधी नॉर्मल, कधी वर. सहा महिन्यांपूर्वीचे आकडेही जवळपास हेच.

"काही लागत नाही अंगाला," ती पहिल्याच भेटीत तीनदा म्हणाली.

मी विचारलं, "हे कशावरून?"

"हे काय, रिपोर्ट."

"रिपोर्टवरून इतकंच कळतं की पातळी कमी आहे. का कमी आहे, ते रिपोर्टवर कुठे लिहिलंय?"

ती फाइल उलटी-सुलटी करत राहिली. तिला मी गप्प करत नव्हते. माझा अनुभव असा, की माणूस आजाराने दमतो त्याहून जास्त त्या आजाराचा त्याने जो अर्थ लावलेला असतो त्याने दमतो. 'अंगाला लागत नाही' असं एकदा ठरलं की बाई प्रयत्न अर्धवट सोडते. पंधरा दिवस गोळी, मग पोट बिघडलं म्हणून बंद, मग कोणी सांगितलं म्हणून बीटाचा रस. बीट लाल असतं म्हणून त्याने रक्त वाढतं हा समज फार पक्का आहे. प्रत्यक्षात त्यात लोह तसं कमीच असतं.

थायरॉईड आणि लोहाची कमतरता या दोन आजारांचं एकमेकांशी नातं आहे, आणि ते समजलं की निम्मा अपराधीपणा गळून पडतो. थायरॉईड ग्रंथीत संप्रेरक तयार करणारं जे एन्झाइम आहे, त्याला काम करायला लोह लागतं. लोह घटलं की ग्रंथीचं काम आणखी मंदावतं. उलट बाजूने, थायरॉईड कमी असला की पाळीत रक्तस्राव जास्त होऊ शकतो आणि पोटातलं आम्लही कमी होऊ शकतं, त्यामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणाच थायरॉईडवर उलटलेली असेल, म्हणजे हाशिमोटो असेल, तर काहींमध्ये तीच यंत्रणा जठराच्या अस्तरावरही हल्ला करते आणि मग अन्नातलं बी १२ नीट शोषलं जात नाही. काहींना गव्हातल्या ग्लुटेनचा त्रास, म्हणजे सीलिअ‍ॅक आजार निघतो. म्हणूनच औषध वेळेवर, नीट घेऊनही आकडे हलत नसतील, तर 'याची तपासणी करायची का?' हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. त्यात संकोच नको.

दुसऱ्या भेटीला मी तिला सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगितली. औषधांची यादी चालणार नाही, औषधंच हवीत. यादीत बाई फक्त डॉक्टरांनी दिलेलं लिहिते. पिशवीतून केसांच्या गोळ्या, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या, मैत्रिणीने दिलेली पावडर असं सगळं बाहेर येतं.

टेबलावर मी एक लांब कागद पसरला. त्यावर पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत तास आखले आणि म्हटलं, "तुम्ही जे ज्या वेळी घेता ते त्या वेळेवर ठेवा."

तिने थायरॉईडची बाटली साडेपाचवर ठेवली. शेजारी लोहाची स्ट्रिप. शेजारी कॅल्शियम. त्याच्या शेजारी बी १२. मग आणखी एक बोट ठेवून म्हणाली, "आणि इथे चहा."

"सगळं एकदम?"

"हो ना. एकदाच घेऊन टाकते. सात वीसला घर सोडायचं असतं, ठाण्याला गाडी बदलायची. पुढे कुठला वेळ?"

मी तिला काहीच समजावलं नाही. विचारलं, "सासूबाईंच्या गोळ्या कोण बघतं?"

"मीच. त्यांची शुगरची एक गोळी जेवणाआधी असते, दुसरी जेवण झाल्या झाल्या. बीपीची सकाळी. आणि कॅल्शियम रात्री, कारण डॉक्टर म्हणाले दुसऱ्या गोळ्यांबरोबर नको." बोलता बोलता तिचा आवाज बदलला होता. इतका वेळ खालच्या पट्टीत बोलणारी ही बाई एकदम नेमकी आणि ठाम झाली. "ऑफिसमधून फोन करते मी त्यांना दुपारी. एकदाही चुकलेली नाही."

"आणि तुमचं कॅल्शियम?"

ती कागदाकडे बघत राहिली. बराच वेळ. मग तिने हात पुढे केला, कॅल्शियमची स्ट्रिप साडेपाचवरून उचलली आणि रात्री साडेनऊवर नेऊन ठेवली. लोहाची उचलली, हातात धरून ठेवली, विचारलं, "ही कुठे?" म्हणजे वेळ असते, हे तिने स्वतःच मान्य केलं होतं. चहावरचं बोट तिने मागे घेतलं होतं.

"आईंना आजार आहे हो," ती म्हणाली. "मला काय, नुसता थायरॉईड."

त्या दिवशीचं सगळं काम या एका वाक्यात होतं. गोळ्यांच्या वेळा पाळायचं शहाणपण तिच्याकडे आधीपासून होतं आणि ती ते रोज वापरत होती, फक्त दुसऱ्यासाठी. स्वतःला आजारी म्हणवून घेण्याचा हक्क तिने स्वतःला दिलेला नव्हता. मी इतक्या वर्षांत पाहिलंय की या टप्प्याला माहितीपत्रक हातात देऊन काही होत नाही. बाईने आपल्याच हाताने गोळी उचलून दुसरीकडे ठेवली की ती हलते, आणि पुन्हा जुन्या जागी येत नाही. ते घडवून आणणारा प्रश्न त्या दिवशी मला सुचला, याचं समाधान मला आजही आहे.

वेळांचं शास्त्र साधं आहे. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, कॉफी, नाश्ता काही नाही. लोह आणि कॅल्शियम या गोळीला पोटातच बांधून ठेवतात, म्हणून त्यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत किमान चार तासांचं अंतर हवं. लोह आणि कॅल्शियमही एकत्र नकोत. लोहाच्या आगेमागे तासभर चहा नको. लिंबू, आवळा, पेरू यांतलं सी जीवनसत्त्व सोबत असेल तर लोह अधिक शोषलं जातं. म्हणजे सुजाताच्या साडेपाचच्या त्या एका घोटात थायरॉईडची गोळीही बरीचशी वाया जात होती आणि लोहाचीही.

कागदावर आम्ही दोघींनी मिळून असं बसवलं: सव्वापाचला उठल्या उठल्या थायरॉईड, गोळी दात घासायच्या ब्रशजवळ. चहा सव्वासहाला. लोह ऑफिसात साडेअकराला, लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. ज्यांना पहाटेचं जमतच नाही, त्यांना काही डॉक्टर थायरॉईडची गोळी रात्री, जेवणानंतर किमान तीन तासांनी घ्यायला सांगतात. मग कॅल्शियमची जागा बदलावी लागते. तेही विचारून ठरवता येतं.

अडचण वेगळीच निघाली. "आम्ही दोघं पहाटेचा चहा एकत्र घेतो. हे माझ्यासाठी थांबतात." तिने घरी सांगायलाच आठवडा लावला. सांगितल्यावर नवरा म्हणाला, "मग मीही सव्वासहाला घेतो, त्यात काय." ज्या विरोधाच्या भीतीने ती आठवडाभर गप्प होती, तो विरोध घरात नव्हताच. असं अनेकदा होतं.

इथे एक गोष्ट मी तिला आग्रहाने सांगितली आणि तुम्हालाही सांगते. वेळा बदलल्याचं डॉक्टरांना लगेच कळवायचं. इतके दिवस अर्धवट शोषल्या जाणाऱ्या गोळीवर डोस ठरलेला असतो. आता तीच गोळी पूर्ण शोषली गेली तर डोस जास्त होऊ शकतो. छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडणं अशी लक्षणं दिसू शकतात. बदलानंतर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघतात. सुजाताचं टीएसएच खरंच खाली आलं आणि डॉक्टरांनी तिचा डोस ७५ वरून ५० केला.

तिसऱ्या का चौथ्या भेटीत पाळीचा विषय निघाला. तोही मी काढला म्हणून. आठ-आठ दिवस रक्तस्राव, मोठ्या गाठी, रात्री उठून पॅड बदलावं लागणं. "या वयात होतंच ना," ती म्हणाली. नाही, 'होतंच' म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही. गळक्या माठात कितीही पाणी ओतलं तरी तो भरत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेल्यावर सोनोग्राफी झाली, औषध सुरू झालं. पाळीबद्दल बोलायला लाजणाऱ्या प्रत्येक बाईला माझी हात जोडून विनंती आहे, की फेरिटिन कमी असेल तर ही माहिती डॉक्टरांना आपणहून द्या.

लोहाच्या गोळीने मळमळ आणि बद्धकोष्ठ होतं, आणि थायरॉईडमुळे बद्धकोष्ठ आधीच असतं. म्हणून बायका गोळी गुपचूप सोडतात आणि डॉक्टरांना 'घेतेय' म्हणून सांगतात. सोडू नका, बदलून मागा. शौचाचा रंग काळपट होतो, तो बहुधा गोळीचाच असतो, त्याने घाबरायचं नाही. अलीकडे काही डॉक्टर गोळी दिवसाआड देतात. लोह पोटात गेलं की हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि साधारण दिवसभर पुढचं लोह आत येणं मंदावतं, हे त्यामागचं कारण. सुजाताला दिवसाआडच्या गोळीने पोटाचा त्रास बराच कमी झाला.

खाण्याबद्दल मी थोडकंच बोलते, कारण फेरिटिन ८ असताना ते नुसत्या आहाराने भरून येणं अवघड असतं. पण साठा टिकवायला आहारच लागतो. मोड आलेली मटकी, चवळी, बाजरी, राजगिरा, पालेभाजी, वरून लिंबू पिळलेलं. लोखंडी कढईत आंबट पदार्थ शिजवला तर थोडं लोह त्यातही उतरतं. सुजाता मासे खाणारी, तिला मी तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, आठवण करून दिली. लोह आणि बी १२ दोन्ही त्यात भरपूर. शाकाहारी माणसाला बी १२ दूध, दही, ताक यांतूनच मिळतं, आणि पातळी एकदा घसरली की तेवढं पुरत नाही, तेव्हा गोळी किंवा इंजेक्शन लागतं. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं असं काही असेल तर थांबू नये. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेत राहिलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांचं नुकसान मात्र आत चालू राहतं. कोबी-फ्लॉवर कायमचे बंद करायची गरज नाही. आयोडीनयुक्त मीठ असलेल्या घरात शिजवून, बेताने खाल्ले तर चालतात.

डी ची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा असते. ती रोज घेतलेली बाईही मी पाहिली आहे. अति डी ने रक्तातलं कॅल्शियम वाढतं, ते धोक्याचं. पुडी जेवणानंतर घ्यावी, जेवणात थोडं तूप-तेल असावं. आणि ऑफिसच्या काचेतून येणारं ऊन या कामाचं नाही, काच नेमके हवे ते किरण अडवते. सुजाता आता दुपारी जेवणानंतर मैत्रिणींबरोबर इमारतीखाली दहा-पंधरा मिनिटं बाह्या वर करून चालते.

पिशवीतल्या केसांच्या गोळ्यांबद्दल सांगायलाच हवं. त्यांत बायोटिन असतं, आणि बऱ्याच लॅबच्या पद्धतीत ते थायरॉईडचा रिपोर्ट चुकवतं. टीएसएच खोटं खोटं कमी दिसू शकतं. माझ्याकडच्या दुसऱ्या एका ताईंचा डोस केवळ अशा रिपोर्टवरून कमी होणार होता. त्यांनी बायोटिन घेतल्याचं सांगितलं, डॉक्टरांनी ते थांबवून पुन्हा तपासलं, रिपोर्ट वेगळा आला. रक्त द्यायच्या किमान दोन दिवस आधी ते बंद ठेवतात. आणि सुजातासारखे केस गळत असतील तर त्याचं कारण बऱ्याचदा थायरॉईड आणि रिकामं फेरिटिन हेच असतं.

सहा महिन्यांनी तिचं हिमोग्लोबिन १२.४ झालं, फेरिटिन ३१. धाप आधी गेली, केस गळणं नंतर, हळूहळू कमी झालं. 'अंगाला लागत नाही' हे वाक्य मी तिच्या तोंडून बरेच दिवस ऐकलेलं नाही. मागच्या भेटीत तिने विचारलं, "आता हिमोग्लोबिन बाराच्या वर गेलं, मग गोळी बंद करू?"

"आईंची शुगर एकदा नॉर्मल आली तर त्यांची गोळी बंद कराल?"

"नाही, डॉक्टरांना विचारेन." आणि ती हसली. तिने विचारलं. हिमोग्लोबिन आधी भरतं, साठा नंतर, म्हणून डॉक्टरांनी दिवसाआडची गोळी आणखी तीन महिने चालू ठेवली आहे. त्यानंतर फेरिटिन आणि टीएसएच एकाच वेळी तपासायचं ठरलंय.