माफी कुणी मागायची?

प्रिय मुली,

मुलगा म्हणून वाढवलेली तुझी नणंद 'मी मुलगी आहे' म्हणाली, म्हणून घरच्यांनी तिला बाहेर काढलं. त्याला नऊ वर्षं झाल्यावर, झटका येऊन गेल्यानंतर, सासऱ्यांनी स्वतःहून तिचा विषय काढला, हे वाचून मला खरंच आनंद झाला. पण ऑगस्टमधल्या त्या जेवणाचा बेत आधी रद्द करायला लाव. इटली-ग्रीसला गेलेली सगळी पोरं तेव्हा सुट्टीला अल्बेनियात, तुमच्या श्कोदरला परततात, अंगणात टेबलं मांडली जातात, झाडून सगळे चुलते-मामे हजर असतात. अशा गर्दीत तिला राजधानी तिरानाहून बोलवायचं आणि 'झालं गेलं विसरून जा' म्हणायचं, असा घरच्यांचा विचार दिसतो. तिथं तिला नाही म्हणता येणार नाही, मनमोकळं रडता येणार नाही. एखाद्या चुलत्याने जुन्या नावाने हाक मारली तर उठून जाणंही अवघड. तिला पुन्हा एकदा परीक्षेला बसवू नका.

मी तिराना सोडूनही आता बरीच वर्षं झाली, पण त्या घरांची रीत मी जवळून पाहिली आहे. म्हणून भीड न ठेवता लिहिते.

घरात सगळे असंच धरून चाललेत की नाक कापलं गेलं ते कुटुंबाचं, आणि आता कुटुंब मोठ्या मनाने तिला क्षमा करणार. माझा विरोध आहे तो नेमका याला. समेट कसा करायचा याची अल्बेनियन लोकांकडे स्वतःची जुनी रीत आहे, तिचाच आधार घे. १९९० साली कोसोव्होमध्ये लोकसाहित्याचे अभ्यासक अँटोन चेटा आणि त्यांच्यासोबतची तरुण मुलं गावोगाव फिरून रक्ताची वैरं मिटवत होती. १ मे रोजी देचानजवळच्या वेरात ए लुकस इथं प्रचंड जनसमुदायासमोर कितीतरी घरांनी सूड सोडून दिला. ही मंडळी कुणाच्या दारात जायची? ज्या घरातलं माणूस मारलं गेलं, त्यांच्या. ज्याला घाव बसला, क्षमेचा अधिकार त्याचा. सासऱ्यांना चेटांचं नाव सांगावं लागणार नाही. त्यांना एवढंच विचारायचं की या घरात घाव कुणाला बसला? एकोणिसाव्या वर्षी एक पिशवी घेऊन रात्री बसस्टँडवर कोण उभं होतं?

तेव्हा जायचं ते त्यांनी, तिच्याकडे. श्कोदर ते तिराना जेमतेम शंभर किलोमीटर. डॉक्टरांनी परवानगी दिली की गाडीने सावकाश जाता येईल. तिने घरी बोलावलं तर घरी, नाहीतर ती सांगेल त्या कॅफेत. बरोबर सासूबाई आणि तुझा नवरा, बास. बाहेर पडल्यावर ती 'स्त्रेहा'त राहिली होती, असं तू लिहितेस. घराबाहेर काढलेल्या अशाच तरुणांसाठी २०१४ मध्ये सुरू झालेलं ते आसराघर. तिच्या आजारपणात उशाशी बसलेली माणसं तिथली. त्यांतलं कुणी तिच्यासोबत आलं तर 'ही घरची बाब आहे' असं कुणीही म्हणू नये.

आता सासऱ्यांबद्दल. ते दुष्ट नाहीत आणि त्यांचा हट्ट नुसत्या अब्रूपायीही नाही. कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजाच्या राजवटीत ते वाढले. तेव्हा घरातल्या एकावर ठपका आला की सगळ्यांची 'बिओग्राफी', म्हणजे सरकारदरबारची कौटुंबिक नोंद, बिघडायची. पुतण्याला विद्यापीठाचं दार बंद, भावाची नोकरी जायची, अख्खं कुटुंब दूरच्या खेड्यात नजरकैदेत जायचं. मुलांना वाचवायला लोक सख्ख्या भावाशी संबंध तोडत, नवरा-बायको काडीमोड घेत. त्यात समलिंगी संबंध १९९५ पर्यंत गुन्हाच होता, दहा वर्षांपर्यंत कैद. एकाला तोडलं की बाकीचे वाचतात, हा धडा त्या पिढीच्या हाडात मुरला आहे. त्याने त्यांनी केलेलं योग्य ठरत नाही. पण 'तुम्ही धाकट्याला वाचवायला मोठीला सोडलंत ना?' असं कुणीतरी त्यांना शांतपणे विचारलं, तर कदाचित ते पहिल्यांदा खरं बोलतील.

चुलतसासरे बुर्नेशांचा दाखला देतात म्हणालीस. उत्तरेच्या डोंगराळ भागात काही बायका आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेऊन पुरुष म्हणून जगायच्या. त्यांना बंदूक बाळगता यायची, पुरुषांच्या बैठकीत बसता यायचं. कुठं घरात मुलगा नसायचा, कुठं ठरलेलं लग्न नको असायचं. पण तो मार्ग एकाच दिशेचा होता. बाईने पुरुष होणं म्हणजे वर चढणं, मान मिळणं. उलट्या वाटेने येणाऱ्याला 'कानून'मध्ये, म्हणजे डोंगरातल्या जुन्या रूढीच्या कायद्यात, जागाच नव्हती. तुझी नणंद शपथेसाठी नव्हे, स्वतःसाठी जगते आहे. 'आपल्याकडे हे होतंच' एवढ्यावर गाडं ढकलू नका. आणि हिजड्यांच्या आशीर्वादाच्या आपल्याकडच्या गोष्टी तूही तिथं सांगू नकोस. तिला कुणाचंच पूज्य किंवा अद्भुत व्हायचं नाही.

कुणी डॉक्टरकडून 'बरं करून आणू' म्हटलंच, तर सांग की २०२० मध्ये अल्बेनियाच्या मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेने आपल्या सदस्यांना असले उपचार करायला बंदी घातली आहे. मात्र कागदोपत्री लिंग बदलून घेण्याची कायदेशीर सोय तिथं नाही. म्हणजे ती सासऱ्यांना भेटायला इस्पितळात आली, तर दारावर ओळखपत्र दाखवताना तिला सगळ्यांदेखत खुलासे करावे लागतील. त्या वेळी तुझ्या नवऱ्याने तिच्या बाजूला उभं राहून 'ही माझी बहीण' म्हणायचं. तुझ्या पत्रात त्याचं एकही वाक्य नाही, हे मला खटकलं. त्या रात्री तो घरातच होता. निरोप्याचं काम त्याने तुझ्यावर टाकू नये, तूही ते घेऊ नकोस.

तुझं काम वेगळं आहे, आणि ते स्वयंपाकघरातलं आहे. नुसे, म्हणजे घरची सून, म्हणून पाहुण्यांसमोर कॉफीचा ट्रे तूच नेतेस. शेजारणी कपाच्या कडेवरून बघत विचारतात, मुलं किती? सासूबाई खाली बघून म्हणतात, एक. त्या एकचे दोन व्हायला हवेत, आणि ते तिरानाला जाण्याआधी. जेझ्वेत, त्या लांब दांड्याच्या भांड्यात, कॉफी वर येईपर्यंत तुम्ही दोघीच असता ना, तेव्हा नणंदेचं नाव घेऊन बोल. आज ती काय करत असेल, तिला गोड किती लागायची, असं काहीही. सासूबाई पहिल्यांदा अडखळतील, दुसऱ्यांदा रडतील. चालेल. तिच्यासमोर पहिल्यांदा अडखळण्यापेक्षा हे बरं.

वाटणीचा विषय निघेल, तयारी ठेव. कायद्याने मुलगा-मुलगी दोघांचा वाटा सारखा, पण उत्तरेत मुली बहुधा हक्क सोडतात. 'मुलगी झालीस तर हक्क सोड' असं कुणी गमतीतही म्हणू नये. सासऱ्यांनी आजच सगळ्यांना बजावून ठेवावं.

आणि ती नाही म्हणाली तर? म्हणू शकते. तेव्हा 'बाबांना झटका येऊन गेलाय' हे तिच्या गळ्यात अडकवू नका. त्यांनी स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहाव्यात, वर तिचं आत्ताचं नाव घालून. चूक माझी होती, एवढंच. आजाराचा उल्लेख नको, उत्तराची अपेक्षाही नको.

जायचा दिवस ठरला की कळव. आणि नवऱ्याला मला फोन करायला सांग, मला त्याच्याशी स्वतंत्र बोलायचं आहे.

तुझ्या बाई