बाझलच्या नोकरीवर सही करण्याआधी

तुझं पत्र दोनदा वाचलं. माटुंग्याला फार्मसी, मग हैदराबादेत नऊ वर्षं एका परदेशी औषध कंपनीच्या केंद्रात पोर्टफोलिओचं, म्हणजे कोणते औषध-प्रकल्प ठेवायचे नि कोणते सोडायचे याचं काम, आणि आता स्वित्झर्लंडमध्ये बाझलमधल्या औषध कंपनीच्या 'इनोव्हेशन स्ट्रॅटेजी' गटात जागा मिळते आहे. नवरा दंतवैद्य, लेक पाच वर्षांची. काम शिकण्यासारखं असेल का, नोकरी टिकेल का आणि घरच्यांचं काय, असं तू विचारलं आहेस. 'ताई, खरं काय ते सांगा,' असंही लिहिलं आहेस, म्हणून हातचं न राखता लिहिते.

'इनोव्हेशन' असं नाव असलेला गट एकीकडे असू शकतो आणि कोणतं औषध पुढे न्यायचं हे ठरवणारं टेबल दुसरीकडे. मी इथे बाझलला आल्यावर पहिली तीन वर्षं अशाच एका गटात होते. स्टार्टअपवाल्यांना बोलवायचो, कार्यशाळा घ्यायचो, भिंतभर रंगीत चिठ्ठ्या लावायचो. जीव ओतून काम केलं. पण एक फ्रँक खर्च करायचा किंवा एखादा प्रकल्प थांबवायचा अधिकार आमच्याकडे नव्हता. वरचे साहेब बदलले आणि वर्षाच्या आत गट बंद झाला. तेव्हा मी फार दुखावले होते. पुढे बाहेरच्या छोट्या कंपन्यांची रेणू-संशोधनं तपासून 'घ्यावं की नको' याचा अहवाल देणाऱ्या गटात गेले, आणि धोरण म्हणजे काय ते तिथे कळलं. पैसा कुठून काढायचा आणि कुठे घालायचा, हे ठरतं तिथेच धोरण असतं.

हे शहरच त्याचं उदाहरण आहे. रेशमी फितींना रंग पुरवता पुरवता इथला रसायन-उद्योग वाढला आणि त्यातून औषध कंपन्या उभ्या राहिल्या. इथल्या सॅन्डोझ या औषध कंपनीत एके काळी कर्मचाऱ्यांनी सुट्टीवरून येताना तिथली माती पिशवीत भरून आणायची पद्धत होती, नव्या बुरशा शोधण्यासाठी. नॉर्वेतल्या हार्डांगरविड्डा पठारावरून आलेल्या मातीतल्या बुरशीने सायक्लोस्पोरिन दिलं, शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून देतात ते. ते औषध आलं आणि अवयव-प्रत्यारोपणाचं चित्रच पालटलं. कर्करोगावरचं इमॅटिनिब, म्हणजे ग्लिव्हेक, सिबा-गायगी या दुसऱ्या कंपनीच्या बाझलमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी घडवलं. अमेरिकेत ओरेगनचे डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांनी रक्ताच्या कर्करोगात त्याचा पाठपुरावा सोडला नाही, आणि २००१ साली त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. तोवर, १९९६ मध्ये, सिबा-गायगी आणि सॅन्डोझ एक होऊन नोव्हार्टिस झाली होती.

त्याच नोव्हार्टिसने २००२ मध्ये संशोधनाचं मुख्यालय अमेरिकेतल्या केंब्रिजला हलवलं. बाझलमध्ये संशोधन चालू राहिलं, पण शेवटचं 'हो' म्हणणारी माणसं बऱ्याचदा समुद्रापलीकडे बसू लागली. पुढे कंपनी एकेक धंदा सोडत गेली. लसी जीएसकेला दिल्या, प्राण्यांची औषधं लिलीला, २०१९ मध्ये डोळ्यांची अल्कॉन वेगळी केली आणि २०२३ मध्ये सॅन्डोझ, म्हणजे पेटंट संपलेल्या औषधांच्या स्वस्त प्रती (जेनेरिक) बनवणारा धंदा. दुसरीकडे खरेदी चालूच होती. जनुक-उपचारासाठी २०१८ मध्ये एव्हेक्सिस ८७० कोटी डॉलरला घेतली. इन्क्लिसिरनसाठी 'द मेडिसिन्स कंपनी' ९७० कोटी डॉलरला घेतली. सुरुवातीच्या दोन मात्रांनंतर वर्षातून दोनच इंजेक्शनं लागणारं कोलेस्टेरॉलचं हे औषध मुळात अल्नायलम या दुसऱ्या कंपनीच्या संशोधनातून आलेलं. किरणोत्सारी औषधांसाठीही कंपन्या घेतल्या. आता बघ, त्यांत वापरतात त्या ल्युटेशियम-१७७ चं अर्धायुष्य साधारण साडेसहा दिवसांचं, म्हणजे तेवढ्यात त्याचा निम्मा जोर संपतो. माल गोदामात ठेवून चालतच नाही, रुग्णाची तारीख धरून बनवावा लागतो आणि वेळेत पोचवावा लागतो. म्हणजे वर एक निर्णय झाला आणि खाली कोणती माणसं लागणार, कोणती नको होणार, तेही ठरून गेलं. २०२२ मध्ये त्यांनी जगभरात ८,००० पर्यंत जागा कमी करायचं जाहीर केलं, त्यातल्या १,४०० पर्यंत स्वित्झर्लंडमध्ये. टिकण्याचा तुझा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे.

ऱ्हाइन नदीच्या दुसऱ्या काठाला रोश ही दुसरी मोठी औषध कंपनी आहे. तिची घडण निराळी. भागधारकांच्या मतांचं बहुमत अजून संस्थापकांच्या घराण्याकडे आहे. २००९ मध्ये अमेरिकेतली जेनेन्टेक कंपनी पूर्ण विकत घेतली, पण तिचं संशोधन बाझलच्या संशोधनात मिसळू दिलं नाही. दोन स्वतंत्र विभाग, दोन प्रमुख, दोघांचे वेगळे निर्णय. जपानची चुगाई कंपनी २००२ पासून बहुतांशी त्यांची, तरी तिलाही आपल्या मताने चालू दिलं, आणि हिमोफिलियाचं (रक्त न गोठण्याच्या आजाराचं) औषध एमिसिझुमॅब तिथूनच आलं. मला ही पद्धत मनापासून पटते. एकाच समितीने सगळीकडे 'नाही' म्हणायची सोय नसली की विचित्र वाटणाऱ्या कल्पनेलाही श्वास घ्यायला जागा मिळते. पण असल्या घरात काम करायचं तर आपलं टेबल कोणत्या विभागाकडे तोंड करून आहे हे आधी कळायला हवं, नाहीतर अहवाल लिहीत राहशील आणि वाचणारा कुणी नसेल.

तू पोर्टफोलिओची आहेस, म्हणून अ‍ॅस्ट्राझेनेका या औषध कंपनीचा दाखला देते. २०११ च्या सुमारास त्यांनी स्वतःचे पडलेले प्रकल्प उकलून पाहिले आणि पाच कसोट्या ठरवल्या: औषधाचं शरीरातलं लक्ष्य बरोबर आहे का, औषध योग्य ऊतीपर्यंत पोचतं का, सुरक्षित आहे का, रुग्ण योग्य निवडलेत का, बाजारात त्याला जागा आहे का. प्रकल्पांची संख्या मुद्दाम घटवली. त्यांनीच प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणे उमेदवार-औषध ठरल्यापासून माणसांवरच्या चाचण्यांचा तिसरा टप्पा पार करण्याचं प्रमाण २००५-१० मधल्या ४ टक्क्यांवरून २०१२-१६ मध्ये १९ टक्क्यांवर गेलं. किती प्रकल्प पुढे ढकलले यावर बक्षीस मिळालं की माणसं ढकलतच राहतात. थांबवणाऱ्याची पाठ थोपटली जाते की नाही, यावरून मी कंपनी ओळखते.

म्हणून गुरुवारी त्या कंपनीच्या लोकांशी बोलशील तेव्हा नेमकं विचार. तुझ्या गटाने गेल्या दोन वर्षांत केलेल्या शिफारशींपैकी किती मानल्या गेल्या, आणि एखादा प्रकल्प तुमच्या म्हणण्यावरून थांबला का? खर्चाला मान्यता कोण देतं, आणि ती व्यक्ती कोणत्या शहरात बसते? तुझा साहेब किती दिवस त्या जागेवर आहे? उत्तर देताना नुसती 'संस्कृती' आणि 'मानसिकता' ऐकू आली, तर सावध हो. वार्षिक अहवालातली पाइपलाइन, म्हणजे चालू औषध-प्रकल्पांची यादीही मागच्या तीन वर्षांची शेजारी ठेवून वाच. गळलेल्या ओळींत जास्त माहिती असते.

अजून एक. ग्लिव्हेकच्या नव्या रूपाला पेटंट नाकारणारा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १ एप्रिल २०१३ चा निकाल इथे जेवताना कुणीतरी काढतंच आणि भारतीय म्हणून तुझ्याकडे बघतं. गप्प बसू नकोस. जुन्याच रेणूचं नवं रूप आणलं तर त्याने उपचाराची परिणामकारकता वाढते का, हे आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(ड) विचारतं. नवं कशाला म्हणायचं, हाच तर आपल्या धंद्यातला मूळ प्रश्न, आणि आपल्या कायद्याने तो रुग्णाच्या बाजूने विचारला असं मी इथे अनेकदा सांगितलं आहे. त्यामुळे कुणी दुरावलं नाही.

आता कागदपत्रं. युरोपबाहेरच्यांसाठी राहण्या-कामाच्या परवान्यांचा वार्षिक कोटा आहे. अर्ज कंपनी करते, कँटन (इथलं राज्य) आणि मग केंद्र मंजुरी देतं. परवाना 'बी' मिळणार की कमी मुदतीचा 'एल', हे लेखी घे. कायद्याने नोटीस पहिल्या वर्षी एक महिना, दुसऱ्यापासून नवव्या वर्षापर्यंत दोन, पुढे तीन. करारात जास्त असू शकते. परीक्षा-काळात (प्रोबेशनमध्ये) फक्त सात दिवस, म्हणून तो संपेपर्यंत हैदराबादचं घर मोडू नकोस. बेकारी भत्त्यासाठी आधीच्या दोन वर्षांत किमान बारा महिने वर्गणी भरलेली लागते. मूल असेल तर विमा उतरवलेल्या पगाराच्या ८० टक्के मिळतो. आरोग्य विमा तीन महिन्यांत घ्यावाच लागतो आणि हप्ता आल्या दिवसापासून धरतात. तो कंपनी भरत नाही, तेव्हा पगाराचा आकडा पाहताना तिघांचे हप्ते आधी वजा कर.

सगळ्यात अवघड भाग तुझ्या नवऱ्याचा. तुझ्या 'बी' परवान्यावर त्याला नोकरी करता येते, पण भारतीय बीडीएस इथे तशी चालत नाही. जर्मन पक्की करायची आणि मग परीक्षांचा लांब रस्ता. यात काही वर्षं जातात, आणि त्या वर्षांत घरी बसलेला शिकलेला माणूस आतून झिजतो. मी हे शेजारच्या दोन घरांत पाहिलं आहे. 'बघू तिकडे गेल्यावर' असं म्हणू नका. दोघं समोरासमोर बसून ठरवा, आणि तो तयार असेल तर जर्मनचा वर्ग याच महिन्यात लावू दे.

लेकीची काळजी मला सगळ्यात कमी वाटते. इथे बालवाडी सरकारी आणि सक्तीची, ती थेट तिथे जाईल आणि तुमच्याआधी बाझलची बोली बोलायला लागेल. घरी मराठीच बोला. किराण्यासाठी आठ नंबरच्या ट्रामने सीमेपलीकडे जर्मनीत वाइल आम राइनला जा, बराच फरक पडतो. उन्हाळ्यात ऑफिस सुटल्यावर लोक कपडे पिशवीत बांधून ऱ्हाइनमध्ये उतरतात आणि प्रवाहाबरोबर खाली जातात. पोहता येत असेल तर तूही उतर.

कराराचा मसुदा आला की परीक्षा-काळ आणि नोटीस यांची पानं मला पाठव. जर्मनमध्ये असली तर मी वाचून रविवारी फोन करते.