फाइलमधले अकरा कागद

“मॅडम, एकतीस पूर्ण झाली. सेट होऊन पाच वर्षं झाली, सीएचबीवर हे तिसरं कॉलेज. राज्यशास्त्राची जाहिरात आलीच तर एक जागा, आणि ती बिंदुनामावलीत दुसऱ्याच प्रवर्गाला. जेआरएफचं वय गेलं. आता पार्ट टाइम पीएच.डी. घेऊन टाकू, की बी.एड. करून कुठल्या तरी शाळेत लागू?”

तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या वर्गांना शिकवणाऱ्या एका तरुणीने मला विचारलेला हा प्रश्न. सेट म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठीची राज्याची पात्रता परीक्षा, सीएचबी म्हणजे तासांवर पैसे मिळणारी नेमणूक, बिंदुनामावली म्हणजे कोणती जागा कोणत्या आरक्षण प्रवर्गाला हे ठरवणारा तक्ता, आणि जेआरएफ म्हणजे नेट या राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत, पण ते बदलले नसते तरी चाललं असतं, कारण अशाच फाइली घेऊन बरेच जण येतात. घरचे “पर्मनंट कधी?” विचारतात, कॉलेजात सत्र संपलं की नेमणूकही संपते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रोज कुणीतरी जुनी जाहिरात नवी म्हणून टाकतं.

तिच्या बोलण्यात एक चूक होती आणि तीच सगळ्यात महाग होती. जेआरएफची तीस वर्षांची अट खरी, पण महिलांना तिच्यात पाच वर्षांची सूट आहे. नॉन-क्रिमिलेअर ओबीसी, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांनाही तेवढीच सूट मिळते. म्हणजे पस्तीसपर्यंत तिचा दरवाजा उघडा होता आणि तिने तो तिसाव्या वाढदिवसाला स्वतःच लावून घेतला होता. वर्गातल्या मुलांनी सांगितलं तीस, म्हणून तीस. अधिसूचना उघडून कुणी पाहिलीच नव्हती. वय कोणत्या तारखेला मोजायचं, हेही त्या अधिसूचनेतच असतं. नुसत्या सहायक प्राध्यापक पात्रतेला तर वयाची अटच नाही.

यामुळे पार्ट टाइमचा प्रश्न वेगळ्याच ठिकाणी येऊन बसला. जेआरएफची रक्कम पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० आहे, घरभाडं वेगळं. पहिल्या दोन वर्षांचेच ८,८८,००० होतात. पण ही फेलोशिप पूर्णवेळ संशोधकाला आहे. बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या राज्य सरकारच्या संस्था आपापल्या प्रवर्गाच्या संशोधकांना फेलोशिप देतात, तिथेही पूर्णवेळ नोंदणीच धरतात. ‘सीएचबी सुटू नये’ म्हणून पार्ट टाइम घेणारा तासांचे पैसे वाचवतो आणि फेलोशिप सोडून देतो, हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय दिसत नाही. सीएचबीचे पैसे झालेल्या तासांचे मिळतात, सुट्टीत काहीच नाही, आणि बिल निघायला सत्र उलटून जातं. तिने स्वतःच्या पासबुकावरून गेल्या वर्षाची बेरीज केली आणि आकडा मोठ्याने वाचला नाही.

याचा अर्थ उद्याच राजीनामा द्या असा नाही. पूर्णवेळ नोंदणी आहे पण फेलोशिप नाही, ही अवस्था सगळ्यात वाईट. म्हणून क्रम असा ठरला: यंदा पीएच.डी. नोंदणी नाही, सीएचबी चालू, आणि जून व डिसेंबर अशा नेटच्या दोन फेऱ्या नीट तयारीने द्यायच्या. जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह पात्रता, सहायक प्राध्यापक व पीएच.डी. प्रवेश, आणि केवळ पीएच.डी. प्रवेश. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात प्रवेशासाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष चालतात. त्यामुळे अगदी तिसऱ्या गटात नाव आलं तरी त्याच वर्षी अर्ज करावा लागतो. दोन्ही फेऱ्या हुकल्या, तर पार्ट टाइमचा विचार करायचा. त्याला नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र लागतं. सत्रापुरत्या नेमणुकीवर दिलेलं पत्र चालेल का, हे विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागाला आधी लेखी विचारायचं. तोंडी ‘चालतंय हो’वर फी भरायची नाही.

आता फाइल. फुगलेली, प्लॅस्टिकच्या कप्प्यांची. तीत राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय चर्चासत्रांची अकरा प्रमाणपत्रं, प्रत्येकाबरोबर आयएसबीएन असलेल्या संपादित पुस्तकात छापलेला लेख, आणि प्रत्येकाची नोंदणी फी हजार-दीड हजार. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत महाविद्यालयीन सहायक प्राध्यापकाच्या छाननीचा तक्ता आहे, तो तिच्यापुढे ठेवला. त्यात पीएच.डी.ला २५, जेआरएफसह नेटला १०, नुसत्या नेटला ८ आणि सेटला ५ गुण. शोधनिबंधांना प्रत्येकी २, तेही जास्तीत जास्त ६. म्हणजे तीन निबंध पुरेत, पण ते समीक्षित (छापण्याआधी तज्ज्ञांनी तपासलेल्या) किंवा यूजीसीच्या यादीतल्या नियतकालिकातले हवेत. संपादित पुस्तकातले अकरा लेख या रकान्यात कुठेच बसत नव्हते. ती बराच वेळ तक्त्याकडेच बघत होती.

आणखी एक. यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, तरी ‘केअर लिस्टेड, आठवड्यात प्रकाशन’ म्हणत पैसे मागणारे थांबलेले नाहीत. समीक्षकाचे अभिप्राय लेखकाला मिळतात का, लेख कधी आला आणि कधी स्वीकारला या तारखा छापतात का, संपादक मंडळातली माणसं त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सापडतात का, एवढं पाहिलं तरी बरीच नावं गळतात. या नियमावलीत छाननीतून मुलाखतीपर्यंत पोचता येतं, निवड मुलाखतीत ठरते. तिथे तीन निबंधांतला एकही समजावून सांगता आला नाही, तर त्या सहा गुणांचा उपयोग नाही. आणि जाहिरात निघेल तेव्हा तिच्याबरोबरचा तक्ताच धरायचा, हे नियम बदलत राहतात.

अध्यापनाच्या वर्षाला २ गुण आहेत, कमाल १०. पण तिच्याकडे एका कॉलेजचं नुसतं ‘यांनी आमच्याकडे काम केलं’ असं पत्र होतं. नेमणुकीचा आदेश, विद्यापीठाचं मान्यता पत्र आणि तासांचा तपशील हे तिन्ही कागद प्रत्येक वर्षाचे त्याच वर्षी घ्यायचे. प्राचार्य बदलले, क्लार्क निवृत्त झाला, की जुना कागद मिळवायला वर्ष जातं.

नेटमध्ये ती आधी तीनदा अडली होती, आणि दर वेळी दुसऱ्या, म्हणजे विषयाच्या पेपरात. तिचा समज असा की पाश्चात्त्य विचारवंत कच्चे आहेत. जुनी प्रश्नपत्रिका समोर ठेवून सोडवायला लावल्यावर वेगळंच निघालं. सेट मराठीतून देता येते. नेटचा पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, आणि ती सवयीने हिंदीकडे वळत होती. मराठीत शासन म्हणजे सरकार, हिंदी पेपरात तोच शब्द गव्हर्नन्ससाठी येतो. लेजिटिमसीला आपण अधिमान्यता म्हणतो, हिंदीत वैधता म्हणतात, आणि मराठी कानाला वैधता म्हणजे कायदेशीरपणा. हेजेमनी म्हणजे आपलं धुरीणत्व, तिथे ते वर्चस्वाच्या अर्थाच्या निराळ्याच शब्दाने येतं. विधान-कारण प्रकारच्या प्रश्नांत असा एक शब्द चुकला की उत्तर उलटं होतं. उपाय म्हणून शंभर पानी वही, तीन रकाने: इंग्रजी, मराठी, हिंदी. अभ्यासक्रमाच्या दहा घटकांतल्या प्रत्येकातून तीस-चाळीस संज्ञा, आणि पेपर वाचताना इंग्रजीच आधी. भाषांतरात फरक निघाला तर इंग्रजी पाठच ग्राह्य धरतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तरी तिने गेल्या वेळी सतरा प्रश्न सोडून दिले होते! दीडशेच्या दीडशे सोडवायचे.

एवढं झाल्यावर तिने विचारलं, “आणि नाहीच झालं तर?”

जाहिरात ‘राज्यशास्त्र’ या नावाने शोधली की प्राध्यापकीच सापडते. बाकीची कामं दुसऱ्या नावांनी येतात: संशोधन सहायक, धोरण विश्लेषक, क्षेत्र समन्वयक, निवडणूक डेस्क, मूल्यमापन. मतदार सर्वेक्षणं, स्थानिक स्वराज्य संस्थांची प्रशिक्षणं, आमदार-खासदारांची कार्यालयं, सामाजिक संस्था, प्रचारसल्ला कंपन्या. या शेवटच्यांकडे पैसा बरा असतो, पण काम मतदानाच्या दिवशी संपतं. मुदत, मानधन आणि हप्ते लेखी नसतील तर जाऊ नये.

या ठिकाणी प्रमाणपत्र कुणी विचारत नाही, केलेलं काम दाखवा म्हणतात. तिला एक काम दिलं: स्वतःच्या विधानसभा मतदारसंघाचा २०२४ चा फॉर्म २०, म्हणजे केंद्रनिहाय मतांचा तक्ता, पीडीएफमधून एक्सेलमध्ये उतरवायचा. दिसायला कारकुनी, पण चुकायला जागा भरपूर. पीडीएफ स्कॅन केलेली असते, ३ चा ८ होतो. म्हणून प्रत्येक ओळीत उमेदवारांच्या मतांची बेरीज वैध मतांशी जुळवायची. नोटा वैध मतांत धरायचा नाही. टपाली मतं कोणत्याच केंद्राची नसतात, ती वेगळी ठेवायची. आणि २०१९ शी तुलना करताना केंद्र क्रमांकाला क्रमांक लावायचा नाही. केंद्रांची फेररचना होते, ११२ नंबरचं केंद्र आता दुसऱ्याच वस्तीचं असू शकतं. गावाला गाव जुळवायचं. तिची पहिली बेरीज ४०६ मतांनी चुकली. दोन संध्याकाळी शोधल्यावर सापडलं, एका सहायक केंद्राची ओळ दोनदा उतरली होती. पुढे याच तक्त्यावर तिने पाच पानांचं टिपण लिहिलं, आणि संशोधन सहायकाच्या एका मुलाखतीत पाऊण तास त्यावरच बोलणं झालं.

बी.एड.बद्दल थोडक्यात. कनिष्ठ महाविद्यालयाला पदव्युत्तर पदवीसोबत ते लागतं, पुढे टेट (शिक्षक अभियोग्यता चाचणी) आणि शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल आहे. अकरावी-बारावीची मुलं आवडत असतील तर हा चांगला रस्ता आहे. दुसरं काही जमत नाही म्हणून दोन वर्षं घालवायची तर नको.

खासदारांसोबत काम करायची लॅम्प फेलोशिप पंचवीस वर्षांपर्यंत, आणि मुख्यमंत्री फेलोशिप एकवीस ते सव्वीस, पदवीला ६० टक्के आणि वर्षभराचा अनुभव. दोन्ही तिच्यासाठी संपल्या होत्या, आणि त्या वयात तिला त्यांची नावंही माहीत नव्हती. निघताना तिने दोन्हींच्या अटी कोऱ्या कागदावर उतरवून घेतल्या. तृतीय वर्षाच्या वर्गाबाहेर लावायला.