सादिक खान, सूझन लँगली आणि 'लंडनचे महापौर'

प्रश्न थोडक्यात असा आहे: "नोव्हेंबर २०२५मध्ये सूझन लँगली लंडनच्या 'लेडी मेयर' झाल्याची बातमी वाचली. पण लंडनचे महापौर सादिक खान २०२४मध्येच तिसऱ्यांदा निवडून आले होते. मग ते पायउतार झाले का? आणि 'लॉर्ड मेयर'ला मराठीत 'थोरले महापौर' म्हटले तर चालेल का?"

खान पायउतार झालेले नाहीत. लँगली पदावर आल्या तेव्हा खान आपल्या पदावर होतेच. पदे दोन आहेत आणि दोघांच्या हद्दीही वेगळ्या आहेत. मराठी बातमीत दोन्हींसाठी सरसकट 'लंडनचे महापौर' छापले जाते आणि वाचकाला वाटते की महापौर बदलला. खरी अडचण 'महापौर'मध्ये कमी आणि 'लंडन'मध्ये जास्त आहे, म्हणून आधी तेच बघू.

लँगलींची हद्द म्हणजे 'सिटी ऑफ लंडन'. क्षेत्रफळ जेमतेम २.९ चौरस किलोमीटर. रोमनांनी वसवलेले, तटबंदीतले मूळ लंडन ते हेच. सेंट पॉल कॅथेड्रल आणि बँक ऑफ इंग्लंड याच्या आत आहेत. संसद आणि बकिंगहॅम राजवाडा बाहेर, वेस्टमिन्स्टरमध्ये. इथे कायम राहणारी माणसे २०२१च्या जनगणनेत नऊ हजारही भरली नाहीत, मात्र कामाला येणारे सहा लाखांच्या वर. खानांची हद्द 'ग्रेटर लंडन'ची आहे: सुमारे १,५७२ चौरस किलोमीटर, ३२ बरो (स्वतःची परिषद असलेले लंडनचे विभाग) अधिक ही सिटी, आणि लोकवस्ती ८८ लाखांच्या पुढे. आता 'सिटी ऑफ लंडन'चे भाषांतर कोणी 'लंडन शहर' असे केले, की मराठी वाचक पाचशेपट मोठ्या प्रदेशाचा विचार करू लागतो. इथे भाषांतराचा मोह टाळावा. पहिल्या उल्लेखात 'सिटी ऑफ लंडन हा लंडनचा जुना गाभा' असे लिहावे आणि पुढे नुसते 'सिटी' म्हणावे. स्थानिक लोक तिला 'स्क्वेअर माइल' म्हणतात, तेही संदर्भासह चालते. एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात असू द्या: सिटी ही ग्रेटर लंडनच्या आतच आहे. खानांची वाहतूक व्यवस्था आणि त्यांचा विकास आराखडा सिटीलाही लागू होतात. पोलीस तेवढे वेगळे. सिटीचे स्वतःचे पोलीस दल आहे, उरलेल्या ग्रेटर लंडनला मेट्रोपॉलिटन पोलीस.

लॉर्ड मेयर हे पद फार जुने. पहिला मेयर हेन्री फिट्झ-एल्विन, परंपरेने साल ११८९ धरतात. १२१५मध्ये राजा जॉनने सनद दिली: दरवर्षी मेयर निवडा, पण निवडलेल्याने येऊन राजाशी निष्ठेची शपथ घेतली पाहिजे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी निघणारी मिरवणूक, 'लॉर्ड मेयर्स शो', ही त्या शपथेला जाण्याची वाट आहे. मिरवणुकीतला रथ १७५७चा, आजही तोच वापरतात. आदल्या दिवशी गिल्डहॉलमध्ये, म्हणजे सिटीच्या जुन्या सभागृहात, पदाची सूत्रे दिली-घेतली जातात. नव्या मेयरने वाचायची छोटी प्रतिज्ञा सोडली तर त्या समारंभात कोणी अवाक्षर काढत नाही, म्हणून त्याचे नाव 'सायलेंट सेरेमनी'. 'मूक समारंभ' हे भाषांतर इथे चपखल बसते, मराठीत 'मूक मोर्चा' आहेच.

निवडणुकीची रीत शब्दांच्या दृष्टीने फार रंजक आहे. सिटीत २५ वॉर्ड, प्रत्येक वॉर्डाचा एक एल्डरमन, म्हणजे निवडलेला ज्येष्ठ प्रतिनिधी. लॉर्ड मेयर व्हायचे तर आधी एल्डरमन म्हणून निवडून यावे लागते, मग शेरीफचे पद (सिटीतले एक जुने मानाचे पद) भूषवलेले असावे लागते. २९ सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे मायकलमस या ख्रिस्ती सणाला, गिल्डहॉलमध्ये 'कॉमन हॉल' नावाची सभा भरते आणि मतदान करतात ते 'लिव्हरीमन'. सामान्य रहिवासी या मतदानात नसतात. लिव्हरीमन म्हणजे 'लिव्हरी कंपनी'चे सभासद: कापडवाले, मासेविक्रेते, सोनार अशा जुन्या व्यवसायसंघांचे वारसदार. 'लिव्हरी कंपनी' नुसते लिप्यंतर करून सोडले तर मराठी वाचकाला एखादी प्रायव्हेट लिमिटेड फर्म वाटते. यासाठी आपल्याकडे नेमका शब्द पडून आहे: श्रेणी. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताच्या शिलालेखात गोवर्धनच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे. विणकरांच्या एका संघाकडे २,००० कार्षापण (त्या काळची नाणी) दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसऱ्याकडे १,००० कार्षापण शेकडा पाऊण व्याजाने. व्यवसायाचा संघ, स्वतःचे नियम, स्वतःचा पैसा, लोकांचा विश्वास, हे सगळे त्या शब्दात आधीपासून आहे. 'व्यवसाय-श्रेणी' लिहावे, पहिल्या वेळी 'लिव्हरी कंपनी म्हणजे जुनी व्यवसाय-श्रेणी' असा खुलासा पुरे.

लॉर्ड मेयरचा कार्यकाळ एक वर्ष. राहणे मॅन्शन हाऊस या अधिकृत निवासस्थानी. कामाचा मोठा भाग म्हणजे ब्रिटनच्या वित्तसेवा क्षेत्राची देशोदेशी वकिली करणे. म्हणूनच भारतीय वर्तमानपत्रांत हे पदाधिकारी बहुधा 'मुंबई दौऱ्यावर आलेले लंडनचे महापौर' म्हणून झळकतात, आणि वाचक त्यांना सादिक खानांच्या खुर्चीवर बसवून मोकळा होतो.

दुसरे पद, ग्रेटर लंडनच्या महापौरांचे, अगदी अलीकडचे. थॅचर सरकारने १९८६मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिल बरखास्त केले आणि पुढची चौदा वर्षे संपूर्ण लंडनला एक निवडलेले शासन नव्हते. १९९८मध्ये जनमत घेतले, १९९९मध्ये कायदा झाला, मे २०००मध्ये पहिली निवडणूक. केन लिव्हिंगस्टन २००८पर्यंत, बोरिस जॉन्सन २०१६पर्यंत, त्यानंतर सादिक खान. मुदत चार वर्षांची, निवड थेट मतदारांकडून. २०२१पर्यंत मतदार पहिली आणि दुसरी पसंती देत, २०२४च्या निवडणुकीत सरळ ज्याला सर्वाधिक मते तो विजयी. महापौरांवर लक्ष ठेवणारी निवडलेली सभा, लंडन असेंब्ली, २५ सदस्यांची आहे आणि महापौरांचा अर्थसंकल्प बदलायचा तर तिला दोन-तृतीयांश बहुमत जमवावे लागते. फेब्रुवारी २००३मध्ये मध्य लंडनात शिरणाऱ्या गाड्यांवर गर्दी-शुल्क लागले, ऑगस्ट २०२३मध्ये प्रदूषण करणाऱ्या जुन्या गाड्यांवरचा आकार सगळ्या बरोंत पोहोचला. हे निर्णय महापौरांचे होते आणि त्याचे राजकीय बरेवाईटही त्यांच्याच पदरात पडले.

आता आपला 'महापौर'. पुर म्हणजे नगर, पौर म्हणजे नगरवासी, त्यातला थोर तो महापौर. सावरकरांच्या भाषाशुद्धीतून आलेल्या शब्दांपैकी सर्वांत घट्ट रुजलेल्यांत हा गणला पाहिजे. हिंदीनेही तो उचलला. मुंबई महापालिकेत सभागृहाच्या प्रमुखाला आधी 'प्रेसिडेंट' म्हणत, १९३१पासून 'मेयर' झाले. गंमत अशी की 'मेयर'चे मूळ लॅटिन 'मायॉर', म्हणजे 'अधिक मोठा', आणि आपल्या शब्दातही 'महा' आहेच. शब्द म्हणून दोन्ही एकमेकांना शोभतात.

पण पदांचा आवाका जुळत नाही. १८८८च्या मुंबई महापालिका कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे दिले आहेत. महापौर सभागृह चालवतात, शहराचे प्रथम नागरिक असतात, त्यांचे वजन मोठे असते, पण रस्त्याच्या कंत्राटावर सही आयुक्तांच्या यंत्रणेची. शिवाय महाराष्ट्रात महापौर निवडतात नगरसेवक, मुदत अडीच वर्षांची. निवडीच्या पद्धतीने पाहिले तर सादिक खान आपल्या थेट निवडून येणाऱ्या नगराध्यक्षाच्या जवळचे. नगरपरिषदेचा नगराध्यक्ष आज लोकांच्या मताने निवडला जातो, महानगरपालिकेचा महापौर नाही. म्हणून काही जण खानांना 'लंडनचे नगराध्यक्ष' लिहा असे सुचवतात. मला ते पटत नाही. मराठीत नगराध्यक्ष म्हटले की सासवड, वाई, मालवण डोळ्यांपुढे येते. गावाचा आकार शब्दाला चिकटून बसला आहे. 'महापौर'च ठेवावा आणि अधिकाराचा फरक वाक्यात सांगावा: 'थेट निवडून आलेले, कार्यकारी अधिकार असलेले महापौर'. चार शब्द जास्त लागतील, चुकीचे चित्र उभे राहणार नाही.

'थोरले महापौर' मात्र नको. मराठीत थोरले म्हटले की धाकटे आपोआप आलेच: थोरले बाजीराव, थोरली पाती. त्यातून लँगली या खानांच्या वरच्या असा अर्थ निघतो. तसा वरखालीचा संबंध मुळीच नाही. इथे 'लॉर्ड' ही पदाला चिकटलेली मानाची उपाधी आहे, व्यक्तीच्या सरदारकीशी तिचा संबंध नाही. 'लॉर्ड मेयर' तसेच लिहावे, जसे आपण 'गव्हर्नर जनरल' लिहितो. प्रश्नातल्या बातमीचे वाक्य असे व्हायला हवे होते: 'लंडनच्या जुन्या गाभ्याच्या, सिटी ऑफ लंडनच्या, लेडी मेयरपदी सूझन लँगली.' आणि दुसरे वाक्य: 'ग्रेटर लंडनचे महापौर सादिक खान'. 'ग्रेटर' हा एक शब्द टाकला तरी निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

'लेडी मेयर'विषयी वेगळे सांगायला हवे. सिटीच्या इतिहासात लँगली या पदावरच्या तिसऱ्या महिला. १९८३मध्ये मेरी डोनाल्डसन आणि २०१३मध्ये फिओना वुल्फ झाल्या, पण दोघींनी 'लॉर्ड मेयर' हीच उपाधी ठेवली. 'लेडी मेयर' म्हणवून घेणाऱ्या लँगली पहिल्या. जवळच एक फसवा शब्द उभा आहे, 'लेडी मेयरेस'. तो परंपरेने लॉर्ड मेयरच्या पत्नीसाठी आहे. बातमीत 'लेडी मेयरेस उपस्थित होत्या' असे असेल आणि तुम्ही 'महिला महापौर उपस्थित होत्या' लिहिले, तर पदाधिकाऱ्याची पत्नी स्वतःच पदाधिकारी होऊन बसते. तिथे 'लॉर्ड मेयर यांच्या पत्नी' असे साधे लिहावे. मराठीला हा प्रश्न मुळात पडत नाही: महापौर पुरुष असो वा स्त्री, शब्द तोच, लिंग क्रियापदातून कळते. 'महापौर म्हणाले', 'महापौर म्हणाल्या'. 'महिला महापौर' हे विशेषण आरक्षणाच्या बातमीपुरते ठीक आहे, एरवी त्याची गरज नाही. 'महापौरीण' असले काही घडवायच्या भानगडीत पडू नये.

लंडनमध्ये एवढ्याने भागत नाही. वेस्टमिन्स्टरलाही १९६६पासून लॉर्ड मेयर आहे, म्हणजे राजधानीत लॉर्ड मेयर दोन. बाकीच्या बहुतेक बरोंत मेयर हा वर्षभराचा समारंभापुरता मान असतो, तर हॅकनी, न्यूहॅम, लुइशॅम, टॉवर हॅम्लेट्स अशा काही ठिकाणी लोकांनी थेट निवडलेला कार्यकारी मेयर असतो. त्यामुळे तिथे स्थायिक झालेला नातेवाईक 'आमच्या मेयरच्या हस्ते दिवाळीचा दिवा लागला' म्हणाला, तर तो बरोचा मेयर असण्याचीच शक्यता जास्त. भाषांतर करताना बरोचे नाव विचारून घ्यावे: 'हॅकनीच्या महापौर', 'हॅरो बरोचे मेयर' असे.

शेवटी आणखी एक शब्द, कारण तो दिल्लीच्या बातम्यांतून मराठीत शिरला आहे: 'एल्डरमन'. दिल्ली महापालिकेतही महापौर एका वर्षाचा असतो, १९५८मध्ये अरुणा असफ अली पहिल्या महापौर झाल्या. नवी दिल्ली नगरपरिषदेच्या हद्दीला, जिथे संसद आणि राष्ट्रपती भवन आहे, महापौर नाहीच. तिथे अध्यक्ष असतो. दिल्ली महापालिकेत २५० निवडलेल्या नगरसेवकांशिवाय दहा नेमलेले सदस्य असतात आणि त्यांना 'एल्डरमन' म्हणतात. त्यांना महापौरांच्या निवडणुकीत मत देता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी दिला. लंडनचा एल्डरमन वॉर्डातून निवडून येतो आणि त्यांच्यातूनच लॉर्ड मेयर होतो. दिल्लीचा एल्डरमन उपराज्यपाल नेमतात आणि त्याला महापौर निवडायलाही मत नाही. एकच शब्द, पण जवळपास उलटे पद. दिल्लीच्या बातमीत 'नामनिर्देशित सदस्य' लिहावे, महाराष्ट्रातल्या 'स्वीकृत नगरसेवका'वरून वाचकाला ते लगेच कळते. लंडनच्या बातमीत 'एल्डरमन' ठेवून शेजारी वॉर्डाचे नाव द्यावे.