खोलीचं दार लावून झोपा

ताई, माझं वय ४६. एका कंपनीत हिशेबाचं काम करते. वर्षभर डोकं सतत जड असतं. सकाळी उठते तेव्हा जबडा आखडलेला असतो. झोपेत दात आवळता, असं दंतवैद्य म्हणाले. छातीत जळजळते, मधूनच धडधडतं, आणि रात्री तीनच्या सुमारास जाग येते ती येतेच. रक्त, साखर, थायरॉइड, ईसीजी सगळं झालं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, ताण आहे, कमी करा. सासूबाईंना दोन वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. त्या रात्री उठून चालायला लागतात म्हणून मी खोलीचं दार उघडं ठेवून झोपते. यांची झोप गाढ आहे, शिवाय त्यांना सकाळी आठला निघावं लागतं. मी साडेआठला निघते. हे स्वभावाने फार चांगले आहेत, कधी एका शब्दाने दुखावत नाहीत. सासूबाईंनाही माझ्याच हाताची सवय आहे. तक्रार करावी असं घरात काही नाही, तरी शरीर असं का वागतंय? महिन्यापूर्वी बोट कापलं, तेही अजून नीट भरलेलं नाही. ध्यानाचं ॲप घेतलंय, पण डोळे मिटले की कान बाहेर लागतात. कोणता श्वासाचा व्यायाम करू?
– एक वाचक

श्वासाचं सांगते, पण नंतर. आधी त्या उघड्या दाराबद्दल बोलू.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. डोकं, जबडा, जळजळ, धडधड यांवर तुम्ही भरभरून लिहिलंय आणि दाराचा विषय एका वाक्यात उरकलाय. सगळ्या पत्राचं उत्तर मला त्याच वाक्यात दिसतं. दोन वर्षं तुम्ही रोज रात्रपाळी करताय आणि सकाळी साडेआठला दिवसपाळीला निघताय. हे तुम्ही कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटतं, डॉक्टरांनाही नाही.

झोपेत आपले डोळे मिटलेले असतात, पण कानांवर पडलेलं मेंदू ऐकतच असतो. रस्त्यावरून गाडी गेली तर तो आपल्याला उठवत नाही, पण तान्हं बाळ कुरकुरलं की आई जागी होते, कारण कोणता आवाज महत्त्वाचा हे मेंदूने आधीच ठरवलेलं असतं. तुमच्या मेंदूने सासूबाईंच्या चपलांचा फरफटता आवाज, पलंगाची कुरकुर, कडीला लागलेला हात हे सगळं त्या यादीत घातलंय. दार उघडं ठेवून तुम्ही त्याला रोज बजावता की आज रात्रीही पहारा आहे.

पहाऱ्यावरच्या शरीराचे नियम वेगळे असतात. आवाज आला की मेंदूतून निरोप सुटतो. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ॲड्रिनल ग्रंथी क्षणात ॲड्रिनालिन सोडतात, पाठोपाठ काही मिनिटांत कॉर्टिसोल. ही दोन्ही ताणाची संप्रेरकं, म्हणजे हार्मोन. हृदय जोरात धावतं. पचन मागे पडतं आणि रक्त स्नायूंकडे वळतं. मान, खांदे, जबडा आवळले जातात. संकटात धावायला किंवा लढायला हे हवंच, आणि संकट सरलं की शरीर आपोआप निवळतं. तुमचं निवळायच्या आत पुन्हा चपला वाजतात. काही रात्री त्या वाजतही नाहीत, पण तुम्ही वाट पाहत असता, आणि शरीराला तेवढं पुरतं. सकाळी जबडा आखडतो तो त्यामुळे. जळजळीतही याचा हात असतो, कारण ताणाखाली पोट मंदावतं आणि तेवढंच आम्ल जास्त झोंबतं.

तीनला जाग येते, तेही तसंच. सगळ्यात गाढ झोप रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात येते. पुढे झोप हलकी होत जाते. मध्यरात्रीच्या सुमारास तळाला गेलेलं कॉर्टिसोल पहाटेकडे चढू लागतं आणि जाग आल्यानंतर अर्ध्यापाऊण तासात शिखरावर पोचतं. निरोगी माणूस त्या हलक्या टप्प्यातून कूस बदलून पुढे जातो. पहाऱ्यावरच्या माणसाला तिथे जाग येते, आणि एकदा कान लागले की झोप पळते.

रिपोर्ट नॉर्मल आले याचा तुम्हाला राग आलाय, तो मला कळतो. आपलं दुखणं कुणी मोजू शकलं नाही की माणसाला एकटं वाटतं. पण त्या तपासण्या दिवसा, खुर्चीवर बसवून झालेल्या आहेत. चांगल्या झोपेत रक्तदाब एरवीपेक्षा १० ते २० टक्के खाली येतो, हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना तेवढीच विश्रांती मिळते. झोप तुटत राहिली तर ती उतरण कमी पडते, आणि हे दिवसाच्या ईसीजीत दिसत नाही. अजून काही बिघडलेलं नाही, एवढंच ते रिपोर्ट सांगतात. ही खरंच चांगली बातमी आहे. तिचा उपयोग आत्ताच करून घ्यायचा.

आणि ते बोट. पत्रात तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, मी मात्र तिथे थांबले. १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास छापला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची काळजी घेणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्याच वयाच्या, साधारण तेवढ्याच उत्पन्नाच्या, पण हा भार नसलेल्या १३ स्त्रिया. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच छोटी जखम केली आणि ती कधी भरते ते पाहिलं. काळजी घेणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. अभ्यास छोटा होता, पण त्यातल्या १३ जणी अगदी तुमच्याच जागी उभ्या होत्या. बोट डॉक्टरांना दाखवा, महिना हा फार काळ झाला. मात्र दाखवताना आपण रात्री कशा झोपतो हेही सांगा.

आता तुमच्या यजमानांकडे येते. ते चांगले आहेत, हे तुम्ही मला पटवून दिलंत. चांगला माणूस दोन वर्षं शेजारी झोपतो, बायको रात्री किती वेळा उठते हे त्याला माहीत नसतं, आणि सगळं घर याला स्वभाव म्हणतं. मला हे चालत नाही. ती त्यांची आई आहे. त्यांना आठला निघायचंय, तुम्हाला साडेआठला. अर्ध्या तासाच्या फरकापोटी एका माणसाच्या सगळ्या रात्री गेल्या. गाढ झोपेचं म्हणाल तर तीही जन्मजात आहे असं मी धरून चालणार नाही. शेजारी कुणीतरी जागं आहे, ही खात्री असलेला माणूस गाढ झोपू शकतो. जबाबदारी अंगावर आली की त्यांचेही कान शिकतील.

आणि हो, तुमच्यावरही थोडी चिडलेय. ‘त्यांना माझ्याच हाताची सवय आहे’, हे लिहिताना तुम्हाला बरं वाटलं असणार. वाटू दे, दोन वर्षं प्रेमाने केलंत. पण जो हात रोज येतो त्याची सवय होते. मुलाचा हात रोज आला तर त्याचीही होईल. आधी त्या तुमचं नाव घेतील, रागावतील, मुलाला ओळखणारही नाहीत एखाद्या रात्री. ते सोसणं आता त्यांच्या मुलाच्या वाट्याचं आहे.

तेव्हा मी एकच सांगते. आठवड्यातल्या चार रात्री तुम्ही खोलीचं दार लावून झोपायचं. त्या चार रात्री ते आईच्या खोलीत झोपतील. ‘जरा मदत कराल का’ असं विचारू नका. मदत म्हटलं की काम तुमचंच राहतं आणि ते फक्त हातभार लावतात. वार ठरवा, त्या रात्री पूर्ण त्यांच्या. औषध, पाणी, बाथरूम, सगळं. आवाज आला तरी तुम्ही उठायचं नाही. फोन खोलीबाहेर ठेवा. उरलेल्या तीन रात्रींसाठी कुणी नातलग किंवा पगारी माणूस मिळतोय का, ते नंतर दोघांनी मिळून पाहा. तोवर सासूबाईंच्या डॉक्टरांना रात्रीच्या फिरण्याबद्दल नीट विचारा. दुखणं, लघवीची घाई, दिवसाची लांब झोप अशी साधी कारणंही त्यामागे असतात आणि त्यांवर उपाय असतात.

पहिल्या रात्री तुम्हाला झोप लागणार नाही. दार बंद असलं तरी दोन वर्षं शिकवलेला मेंदू लगेच विश्वास ठेवत नाही. दोन-तीन आठवडे तरी जाऊ द्या. चौथ्या दिवशी ‘नाही जमत’ म्हणून दार उघडलंत तर पुन्हा पहिल्यापासून.

तुमचा श्वासाचा व्यायाम इथे कामाला येईल. उताणं पडून एक हात पोटावर ठेवा. मनात चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या आणि सहा ते आठ आकडे मोजत सोडा. जोर लावायचा नाही. श्वास सोडताना व्हेगस नावाची मज्जातंतू हृदयाची गती थोडी कमी करते, म्हणून सोडणं लांबवायचं. ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटे, जीभ टाळूला सैल टेकलेली. दिवसा संगणकासमोरही मधूनमधून दात टेकलेत का ते बघत जा. पाचेक मिनिटं पुरेत. उघड्या दारामागे हेच तुम्ही तासभर केलंत तरी उपयोग नाही, म्हणून आधी सांगितलं नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. जबड्याचं किंवा छातीचं दुखणं अचानक आलं, सोबत धाप, घाम, मळमळ असली, तर ते ताणावर ढकलू नका. त्याच क्षणी दवाखाना गाठा.

यजमानांशी बोलायला शब्द सापडत नसतील तर हे उत्तर त्यांच्या हातात द्या आणि समोर बसून राहा, मधे उठून कामाला लागू नका. ‘तुला आधी सांगता आलं नसतं का’ असं ते म्हणाले तर वाद घालू नका, आता सांगतेय म्हणा. पहिली रात्र दोघांच्या सुट्टीच्या आदल्या दिवशीची धरा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुणालाही आठला निघायचं नसेल. आईचं सामान कुठे काय आहे, ते त्यांना संध्याकाळीच दाखवून ठेवा.