सासऱ्यांच्या नावावरची बंदूक सुनेने स्वतःच्या नावावर करून घ्यावी का? घरात लहान मुलं आहेत, सेफ आहे का?

ताई, तुम्ही लिहिलंय की नवरा मुंबईला, सासरे पंच्याहत्तरीचे, घरात दोन लहान मुलं, मागे काजूची बाग आणि सासऱ्यांच्या लायसनची सिंगल बार, म्हणजे एकनळी बंदूक, माडीवर पडून आहे. मी कुडाळकडची, माझं पण जवळजवळ हेच होतं, बारा बोअरची सिंगल बार गेली सहा वर्षं माझ्या नावावर आहे म्हणून लिहितेय.

करून घ्या, पण चावी तुमच्याकडे राहणार असेल तरच. आपल्याकडे बऱ्याच घरांत लायसन बाईच्या नावावर होतं आणि बंदूक मात्र दीर, चुलत दीर, शेजारी सगळे वापरतात. माझ्याकडे पहिल्याच वर्षी हे झालं. रात्री चुलत दीर आला, वहिनी जरा दे गो, बागेत डुक्कर शिरलाय, सासूबाई समोर बसलेल्या, नाही म्हणवेना, दिली. सकाळी बघते तर बंदूक पडवीत दाराच्या मागे टेकवून ठेवलेली आणि माझा चार वर्षांचा मुलगा तिथेच गाडी घेऊन खेळतोय. सासूबाई म्हणाल्या, "रिकामी आसा ती, काय्येक होवचा नाय." मी उचलून मोडली, म्हणजे बिजागरीतून नळी खाली पाडून उघडली, तर नळीत काडतूस. त्या दिवशी माझे हातपाय जे गार पडले ते आठवलं तरी नको वाटतं. आणि चूक त्याची जेवढी तेवढीच माझी, कारण लायसन माझं, दुसऱ्याच्या हातात दिली तर कायद्याने दोघंही अडकतो. शिवाय शेती संरक्षणाचं लायसन म्हणजे शिकारीचं लायसन नाही, डुक्कर मारायचा तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते, हे गावात कोणी ऐकूनच घेत नाही. अंधारात हललं म्हणून बार काढला आणि माणूस गेला अशी बातमी आपल्या कोकणात अधूनमधून येतेच की.

तेव्हापासून माझ्या घरात नियम एकच, बंदूक रिकामी आहे हे कोणी सांगितलं तर खरं मानायचं नाही, स्वतः मोडून नळीतून उजेड बघायचा, मगच हातात धरायची. मी पाच मिनिटांपूर्वी बघितलेली असली तरी परत बघते, लोक हसतात, हसू देत. तुमची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची जुनी बंदूक असेल तर नळीत बघून काही कळत नाही, तिथे गज घालून बघायचा. रिकाम्या नळीत गज कुठपर्यंत जातो तिथे खूण करून ठेवा, खूण बाहेर राहिली म्हणजे आत दारू ठासलेली आहे. घोडा दाबला आणि बार झालाच नाही तर लगेच मोडायची नाही की तोंड फिरवायचं नाही, निदान एक मिनिट तशीच मोकळ्या बाजूला धरून ठेवायची, कधीकधी बार उशिरा होतो, ठासणीच्या बंदुकीत तर पावसाळ्यात दारू सर्दावली की हमखास.

ठेवताना बंदूक एका लोखंडी कपाटात, काडतुसं दुसऱ्या कुलुपात. माळा, गादीखाली, देवघराच्या मागे असल्या जागा मुलांना तुमच्या आधी माहीत असतात. माझी चावी गळ्यात असते, मंगळसूत्राशेजारी, बायका विचारतात हे काय नवीन.

आता नेमकं बाईसाठी म्हणून जे मला कोणी सांगितलं नव्हतं ते सांगते. या बंदुका पुरुषांच्या मापाच्या, दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, आपल्याला लांब पडतो, मग तो खांद्याच्या खळगीत बसत नाही, दंडावर बसतो आणि पहिल्याच बाराला दंड काळानिळा. मला वाटलं मलाच जमत नाही, खरं तर माप चुकीचं होतं. परवाना असलेल्या गन दुरुस्तीवाल्याकडून दस्ता थोडा कमी करून घेतला तेव्हा प्रश्न सुटला. पण फक्त लाकूड हां, नळी कापणं हा गुन्हा आहे. पदर, ओढणी खोचून घ्यायची, केस बांधायचे, कानात काहीतरी घालायचंच. आणि दिवस गेलेले असतील तर बार काढूच नका, आवाज आणि शिसं दोन्ही बाळाला वाईट. दूध पाजत असाल तर काडतुसं हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे.

कागदपत्रांचं म्हणाल तर सासरे हयात असताना पण होतं, सत्तरी ओलांडली किंवा पंचवीस वर्षं बंदूक बाळगून झाली की वारसाच्या नावावर लायसन मागता येतं. अर्ज जिल्हाधिकारी ऑफिसला, मग पोलीस स्टेशनची चौकशी. 2016 च्या शस्त्र नियमांनंतर हत्यार हाताळण्याचं ट्रेनिंग पण आलं, ते नुसतं कागदापुरतं उरकू नका, तिथे भरपूर प्रश्न विचारा. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर लायसन तीन ऐवजी पाच वर्षांचं झालंय. लग्नात, गणपतीत हौसेने हवेत बार काढला तर त्याच दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, तेव्हा मिरवणुकीला कोणी मागायला आलं तर हे सरळ तोंडावर सांगा. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक बहुतेक वेळा पोलिसांकडे जमा करायला सांगतात, 2024 ला माझी दोनदा गेली, मार्चमध्ये ऐन काजूत आणि ऑक्टोबरमध्ये भात कापणीला. माकडांनी मजा केली. पावती मात्र जपून ठेवा.

आणि एकटी बाई, चोर आला तर उपयोगी पडेल असं डोक्यात असेल तर माझं मत विचाराल तर नाही. 2014 ला कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीने बायकांसाठी म्हणून निर्भीक रिव्हॉल्व्हर काढलं, किंमत सव्वा लाखाच्या आसपास, तेव्हा मला पण भारी वाटलेलं. पण नीट ठेवलेली बंदूक म्हणजे दोन कुलुपं उघडून काडतूस भरायचं, तोवर चोर दारात येऊन उभा. कुलूप नसेल तर मुलं आहेत. जिवावर बेतलं तर बचावाचा हक्क कायदा देतोच, पण पळणाऱ्या माणसाच्या पाठीवर बार काढलात तर तो बचाव म्हणून धरतीलच असं नाही. मी पडवीला लोखंडी ग्रील केलं, बाहेर मोठा लाईट लावला, कुत्रा पाळला आणि शेजारच्या वाडीतल्या दोन घरांचे नंबर फोनमध्ये वरच ठेवलेत. बंदूक बागेसाठी.

अजून एक, सासऱ्यांच्या ट्रंकेत जुनी फुगलेली, हिरवी पडलेली काडतुसं नक्की निघतील, माझ्या निघाली होती, अकरा. ती वापरू नका, चुलीत किंवा विहिरीत टाकू नका, पोलीस स्टेशनला नाहीतर परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा आणि त्याची पण पावती घ्या.